दाराचा दोष

टिणऽ करून घंटी वाजली आणि वर्षालीचा हात कडीवरच थांबला. दुपारचे दोन वाजले होते. लाइट गेलेली, पंखे बंद, त्यामुळे अख्ख्या घरात तेवढाच आवाज.

"कोन गेलं?" समोरच्या खोलीतल्या तख्तावरून सासऱ्यांनी विचारलं. डोळे मिटलेलेच.

"मी हो मामाजी. वाळलेले कपडे काढून आनते."

"हं."

कपडे तिनं सकाळीच काढले होते. पिशवीत चालू घडामोडींचं पुस्तक होतं. दोन गल्ल्या ओलांडल्या की अभ्यासिका, आणि अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला उरलेले बारा दिवस. पाच वर्षांची इला दुपारी आजीजवळ झोपायची. तेवढा दीड तास वर्षालीचा स्वतःचा होता. मागच्या खेपेला दोन गुणांनी गेलं होतं. यंदा कोणाला काही सांगायचं नाही, एकदम निकालच दाखवायचा, असं तिनं ठरवलं होतं.

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ते सोपंही होतं. मग सासऱ्यांना, अण्णाजींना, फेंगशुई सुचली.

अण्णाजी म्हणजे हिंगणघाटच्या शाळेतले विज्ञानाचे निवृत्त मास्तर. शेजारच्या दारावरच्या लिंबू-मिरचीला हसण्यात त्यांची हयात गेली. एक दिवस ते नागपूरहून पाच नळ्यांची घंटी घेऊन आले. म्हणाले, आपलं दार दक्षिणेले हाय, त्यात गल्ली सरळ अंगावर येते, म्हणून घरात बरकत नाही. घंटी त्यांनी दाराच्या डोक्यावर अशी टांगली, की दार वीतभर उघडलं तरी वाजावी. गल्लीतली सगळी दारं तपकिरी. हे एकच त्यांनी लालभडक रंगवून घेतलं. शेवटी आपलं तख्त आतल्या खोलीतून ओढून दारासमोर आणलं. घरातल्या मोठ्या माणसाची नजर दारावर पायजे, असं त्यात लिहिलंय म्हणे.

नजर नेमकी कोणावर, ते वर्षालीला कळत होतं.

सासूबाईंचंही तेच. रुख्माबाई हल्ली एकच गोष्ट तीनतीनदा विचारत. "कुठी गेलती?" वर्षालीनं दुकानात म्हणून सांगितलं, की भाजी चिरताना पुन्हा, "कुठी गेलती?" ताटावर बसताना पुन्हा. उत्तर कुठे बदलतं का, ते बघत असल्यासारखं. अण्णाजी मात्र ती परत आल्यावर काहीच विचारत नसत. ते तिला जास्त खुपायचं.

नवरा, कैलास, नोकरीसाठी बुटीबोरीला रोज अपडाऊन करायचा. तिनं त्याला फोनवर सांगून पाहिलं.

"बाबाले म्हातारपणी छंद लागला, लागू दे. तू काऊन टेन्शन घेते?" तो हसला. "घंटी तुह्यासाठी थोडीच लावली?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्षालीनं झोपलेल्या इलाच्या दोनपैकी एका वेणीतलं पिवळ्या फुलाचं रबर हळूच काढलं. स्टुलावर चढून पाचही नळ्या एकत्र धरल्या आणि रबराचे तीन वेढे दिले. कडी काढली. दार उघडलं. आवाज नाही. तख्तावर अण्णाजी हलले नाहीत. कितीतरी दिवसांनी ती अभ्यासिकेत मान वर न करता वाचत बसली.

साडेतीनला ती वळणावर आली, तर लाल दार सताड उघडं. तख्त रिकामं. पायरीवर एका वेणीची इला.

"आजी नाही," इला म्हणाली. "आबा शोधाले गेले. मले म्हणे, हलू नको."

वर्षाली तशीच उलटी धावली, पण गल्लीच्या तोंडाशीच ऑटो आत वळला. त्यात अण्णाजी होते आणि त्यांना टेकून रुख्माबाई. एका पायात चप्पल नव्हती. मांडीवर कपड्यांची पिशवी.

"हायवेच्या कडेले उभ्या होत्या," ऑटोवाला मुकेश म्हणाला. "माहेरी, तळेगावले जानारी गाडी कधी येते म्हणे. मी घरचा पत्ता इचारला, तं सांगता येईना. एवढंच म्हनत, लाल दार, लाल दार. तेवढ्यात काकाजी दिसले."

रुख्माबाईंनी वर्षालीकडे शांतपणे पाहिलं. "कुठी गेलती, बाई?"

त्यांना आत निजवून अण्णाजी तख्तावर येऊन बसले. पाय धुळीनं पांढरे झालेले, ते अनवाणीच धावले होते.

"तीन महिने झाले," ते हळू आवाजात म्हणाले. "नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, तिचं हे इसरनं आता वाढतच जाईन. तिले समजलं तं खचून जाईन ती. म्हणून हे फेंगशुईचं सोंग. तुमाले दोघाले सांगनार होतो, पण कैलासले सांगितलं असतं, तं तुले समजलं असतं. आन् तुही परीक्षा तोंडावर."

वर्षालीनं वर पाहिलं.

"त्या अभ्यासिकेचा शिपाई माह्या हाताखाली शिकलेला पोरगा हाय. रोज जाते, म्हणे, खाली मुंडी घालून वाचते. तुले तेव्हाच समजलं असतं, तं घरातून पाय निघाला असता का तुहा?" त्यांनी गुडघे चोळले. "माहा हिशेब साधा होता. एकदा घंटी वाजली म्हणजे तू गेली. मंग मी डोळे मिटून जागाच पडतो. दुसऱ्यांदा वाजली, का उठतो. आज पह्यलीच नाही वाजली. मले वाटलं, तू घरातच हायस. डोळा लागला."

ते दाराकडे बघत राहिले. वर्षालीला वाटलं, आत्ताच दारात जावं आणि घंटी त्यांच्या नजरेआड करावी.

त्याआधीच इला आबांच्या शेजारी तख्तावर चढली होती. एक हात सुटलेल्या वेणीवर, मान वर.

"आई, माझं रबर घंटीले कोनं लावलं?"