तेलाचं झाकण

सयाजी मिस्त्रीनं बुलडोझरखाली उताणं पडून गिअरबॉक्सची तेलाची जाळी ओढून काढली, आणि त्याचा हात तिथंच थांबला. जाळीला लोखंडाचा चुरा नव्हता. जळक्या क्लच-प्लेटीची कपचीसुद्धा नव्हती. होत्या त्या झेंडूच्या पाकळ्या, तेलात काळ्या पडलेल्या, आणि हाराचा दोरा.

आता सगळं कळलं. मशीन उभं असलं की पाकळ्या तळाला बसायच्या. तासभर चाललं की जाळीला चिकटायच्या, मग इंजिन नुसतं बोंबलायचं आणि चाकांवरचे लोखंडी पट्टे जागचे हलायचे नाहीत.

खंडेनवमीला तेल त्यानंच बदललं होतं. झाकण उघडं, मालकांना पूजेची घाई, आणि सयाजीनं हार तोडून ओंजळभर झेंडू मशीनवर उधळला. "मिस्त्री, आदी झाकण लावा की," असं ड्रायव्हर कृष्णात म्हणालाही होता. सयाजी त्याच्यावरच खेकसला होता.

आणि गेल्या आठवड्यात एक बोल्टही न उघडता त्यानं मालकांना छातीठोक सांगितलं होतं, "ड्रायव्हरनं क्लच जाळलाय." आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय! मालकांनी कृष्णातला तिथल्या तिथं सीटवरून उतरवलं. तेव्हापासून तो बावड्याच्या या प्लॉटवर पट्ट्यांतला चिखल खरवडत होता. सगळे त्याला 'क्लचजाळ्या' म्हणू लागले होते. आत्ताही सयाजीशेजारी पडून तोच बॅटरी धरत होता.

बॅटरीचा उजेड पाकळ्यांवर येऊन थांबला. कृष्णातनं पाकळ्या बघितल्या, मग सयाजीकडं बघितलं. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. सयाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पाकळ्या मुठीत दाबल्या.

"घावलं का काय, मिस्त्री?" बाहेरून धैर्यशील मालकांनी विचारलं. "त्या क्लचजाळ्याला बॅटरी तरी नीट धराय सांगा."

"जाळी तुंबलीया. कचरा हाय."

"कसला कचरा?"

सयाजीनं मूठ आणखी आवळली.

"जुनं मशीन हाय, मालक," कृष्णातच म्हणाला. "व्हतंय."

ती मेहेरबानी सयाजीला थोबाडीत बसल्यासारखी लागली. तो सरपटत बाहेर आला, मूठ तशीच मिटलेली. मालक खुशीत होते. त्यांनी गाडीतून झेंडूचा ताजा हार आणून त्याच्यापुढं धरला.

"रोग घावला न्हवं? मग जोडायच्या आदी हार घाला. तुमच्याच हातानं."

तेल काढताना उघडलेलं वरचं झाकण तसंच उघडं होतं. कृष्णात पट्ट्यावर पाय देऊन चढला. झाकण लावलं, पिळून घट्ट केलं, पुन्हा एकदा हलवून बघितलं.

"आता घाला, मिस्त्री."

हार घ्यायला सयाजीला मूठ उघडावी लागली.