वरच्या मजल्याच्या सळया

पलंगावर टपकणारी गळती काढायला या वेळी गावातला मिस्त्री नको, असं गुणाबाईंनी ठरवलं आणि नांदेडहून लायसनवाला गुत्तेदार बोलावला. त्यांचे यजमान शेषेराव त्याला घेऊन गच्चीवर चढले. पंधरा वर्षांपूर्वी नायगावात हे घर बांधताना, पुढं मुलाचा, दयानंदचा मजला चढवायला म्हणून त्यांनी आठही कॉलमच्या सळया वर तशाच सोडल्या होत्या.

"पाणी या गंजलेल्या सळयांवाटं खाली उतरून राहिलंय, काका. वर मजला कधी चढवायचाय?"

"पोरगं आलं की."

"कुठं असतंय?"

"पुण्याला. फ्लॅट घेतला त्यानं. मागच्या साली वास्तुशांतीला आम्ही दोघं जाऊन आलो की."

गुत्तेदारानं एक सळई हलवून पाहिली. "मग सळया कापून टाकू. वरून वॉटरप्रूफिंग करतो, दहा वर्षांची लेखी गॅरंटी देतो. एका दिवसाचं काम हाय."

"सांगतो," म्हणून शेषेरावांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

&nbsp;

संध्याकाळी दोघांनी मिळून पलंग समोरच्या भिंतीला सरकवला.