दुसरा प्रश्न

आखातातल्या खाबुऱ्यामागच्या डोंगरात मातीच्या घरांचं एक गाव आहे. माणसं कधीच किनाऱ्याला राहायला गेली. जवळच्या मोबाईल टॉवरचं काम आटपून जितेश तिथल्या एका बंद दाराच्या सावलीत टेकला. मालवणकडचं त्याचं गावही आता असंच, कुलपांचं.

"कधी इलंस?" दाराआडून एका म्हाताऱ्या बाईने विचारलं.

"आत्ताच इलंय," तो सवयीने बोलून गेला, आणि मग गारठला.

गावी पोचलं की पहिला प्रश्न हाच, आणि त्याला चिकटून दुसरा: "कधी जातलंस?" त्यावर तो दरवेळी वैतागायचा.

आज मात्र तो त्या प्रश्नाची वाट बघत राहिला. शेवटी न राहवून स्वतःच म्हणाला, "सांजेक जातलंय."

आत कोणीतरी मायेने हसलं, आणि पाट मांडल्याचा आवाज आला.