निम्मा दोष

"घरात कुठे धूर कोंडतो का? शेगडी, जनरेटर, काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मुलीच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड दिसतोय. थोडाच, पण दिसतोय."

गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. हा वायू त्याच्या धंद्यातला जुना वैरी. "शटर पाडून इंजिन चालू ठेवू नकोस, झोपेतच जाशील," असं तो गॅरेजात येईल त्याला बजावायचा. आणि पोरीला ताप भरला त्या दिवशी, वारा फार म्हणून, त्यानेच शटर ओढून ट्रकचं इंजिन चालू ठेवलं होतं. वरच्या खोलीत ती झोपली होती.

"मीच केलं हे. ताप आला त्या दिवशी खाली इंजिन चालू होतं, शटर पाडून," तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काचेपलीकडे पोर निपचित पडली होती. मलेरिया मेंदूपर्यंत पोचला होता.

त्यांचा पहिला मुलगा सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेला. तो दोष दोघांच्याही रक्तात निम्मा होता, मुलाला पुरा मिळाला. मग ही झाली. हिच्यात निम्माच निघाला, म्हणजे दोघांपैकी एकाचाच. कोणाचा, ते काही कळत नव्हतं. पण नळाच्या पाण्यावरून पेटलेलं भांडणही फिरून तिथेच यायचं. "हे तुझ्याकडून आलंय," तो म्हणायचा. "तुमच्याकडून," ती उसळायची. आपल्याकडूनच आलं असेल, या धास्तीने मनातून दोघंही पोखरून गेले होते.

"त्यानंतर इंजिन लावलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. चार दिवस गॅरेज उघडलंच नाही."

"मग हा तुमचा धूर नव्हे. तो इतके दिवस रक्तात राहत नाही." त्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. "घरात कोणाला सिकलसेल?"

"पोरीला. निम्मा," दोघं एकदमच म्हणाले.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या.

"मलेरियात रक्तपेशी फुटतात. त्यातून जे बाहेर पडतं, त्याने मेंदूची नासाडी होते. हा निम्मा दोष असला की शरीर हा वायू स्वतःच जरा जास्त बनवतं, आणि तो ती नासाडी आवरतो. उंदरांत तसं दिसलंय. हिच्यातही तेच असावं. औषध लागू पडेपर्यंत पोर तग धरून राहिली ती बहुधा त्याच्याच जोरावर. तो दोष नसता, तर..."

तेवढ्यात नर्सने दार उघडलं. "शुद्धीवर येतेय. आईला हाक मारतेय."

मिस्त्रीने बायकोला हाताला धरून उठवलं.

"हे तुझ्याकडून आलंय," तो म्हणाला.

तिने मान हलवली. डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं.

"नाही हो. तुमच्याकडून."