उकडलेली बोरं

चार वर्षांच्या वृंदाच्या रक्तात आजाराशी लढायची ताकदच नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून कुमुदने पंचवटीतल्या घरात कुणालाच येऊ दिलं नव्हतं. पण त्र्याऐंशीच्या संक्रांतीला सासूबाई म्हणाल्या, "पाच वर्षांची झाली की बोरन्हाण घालता येत नाही गं." कुमुदने बोरं कुकरमध्ये उकडली आणि हलव्याचे दागिने घातलेल्या लेकीच्या डोक्यावर ओतली. लिबलिबीत बोरं फरशीवर पसरली. लुटायला आत एकही पोर नव्हतं. खिडकीच्या गजांबाहेर जमलेली गल्लीतली पोरं ओरडली, "वृंदे, उचल ना!" वृंदाने एक बोर उचललं, गजांपाशी नेलं आणि शेजारच्या सुलूला आईच्याच सुरात विचारलं, "हात धुतलेस?" सुलू घराकडे पळाली. कुमुद खिडकी लावून खाली बसली आणि एकेक बोर पातेल्यात टाकू लागली. थोड्या वेळाने काचेवर दोन ओले तळवे टेकले. "काकू, धुतले! साबणानं!"