मृत क्रमांक चार

दिवा गावातल्या अर्धवट पाडलेल्या इमारतीत लष्कर, पोलीस, पालिका आणि परदेशी पथक यांचा भूकंपबचावाचा सराव रंगला होता. निवांत पडून राहता येईल म्हणून पालिकेच्या धाकू मुकादमाने खोट्या बळींना वाटायच्या कार्डांतलं ‘मृत क्रमांक चार’ लिहिलेलं कार्ड मागून घेतलं आणि ढिगाऱ्याच्या सावलीत ताणून दिली. तेवढ्यात तुळई खरोखरच घसरली आणि त्याचा पाय अडकला. “अरे, काढा रे मला!” जवानाने गळ्यातलं कार्ड वाचलं. “काका, आम्ही फक्त जिवंत माणसं काढतो. मेलेली पोलिसांकडे.” हवालदार म्हणाला, “पंचनाम्याआधी हात लावता येत नाही.” पालिकेचे साहेब वाकून कुजबुजले, “धाकू, पाहुणे बघतायत. मेलेल्याने बोलू नये रे!” शिट्टी वाजली, टाळ्या पडल्या, सराव यशस्वी ठरला. निघताना परदेशी अधिकाऱ्याने कौतुकाने धाकूपुढे हात केला. धाकूने तो घट्ट धरला. सोडेचना. मग मात्र तिन्ही खाती धावली, पाहुण्याला सोडवायला.