भिंतीपलीकडचा संसार

पलीकडे बांगड्या वाजल्या तशी अक्षताने टीव्हीचा आवाज कमी केला आणि भिंतीला कान लावला.

आधी पैंजण आले. मग कपात चमचा फिरला. मग नाना परब हसले. "अगं, पुरे ना! या वयात शोभतं का?" त्यावर पुन्हा बांगड्या. काकूंचा शब्द मात्र कधीच ऐकू यायचा नाही. जुन्या वळणाची बाई, अक्षता मनाशी म्हणायची, आवाज घराबाहेर जाऊ देत नाही.

घाटकोपरच्या त्या इमारतीत भिंती अशा, की शेजाऱ्याला ठसका लागला तर आपण पाण्याचा पेला भरावा. तीन वर्षं नाना तिथे राहत होते. काकूंचे गुडघे गेलेत, त्या घराबाहेर पडत नाहीत, असं ते सांगायचे. तरी संध्याकाळ झाली की ही मजा. अक्षताला हेवा वाटायचा.

ती चौतीस वर्षांची होती आणि मार्चपासून तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, प्रीतमचं, सगळं थंडावलं होतं. प्रीतमला मोबाइलवर पाहिलेलं सगळं हवं होतं. तिला आईने सांगितलं होतं तेवढंच ठाऊक: दिवा बंद, तोंड बंद. याहून वेगळं दोघांनाही कुणी काही शिकवलं नव्हतं. आधी भांडणं झाली, मग भांडणंही संपली. आता ती त्याच्याशी बोलायची, पण उत्तराची वाट बघणं तिने सोडून दिलं होतं.

बाहेर मात्र हे कळून चालणार नव्हतं. घरमालकीण जयंतीबेन तळमजल्यावरच राहायच्या. "फॅमिलीलाच देते हां मी," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आधीची सोडचिठ्ठीवाली निघाली. महिन्यात खाली करून घेतलं." अकरा महिने संपत आले होते. रविवारी येऊन त्या ठरवणार होत्या, ठेवायचं की काढायचं. काढलं तर परत आईकडे, भावजयीच्या हाताखाली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आई फोनवर म्हणाली होती.

मूठ झाकायची कशी, ते अक्षता भिंतीकडून शिकली. तिने बाजारातून डझनभर काचेच्या बांगड्या आणल्या. पलीकडे चमचा वाजला की ही चमचा वाजवायची. दोन ताटं घ्यायची. "प्रीतम, घे ना अजून भात," म्हणायची. पलीकडे हसणं झालं की, "हळू रे, काका-काकू ऐकतील!" म्हणून हसायची. जेवण झालं की घरभर फेऱ्या मारायची.

एकदा जिन्यात जयंतीबेन म्हणाल्या, "तुमचा मिस्टर हल्ली दिसत नाही कधी. पण जोडी झकास आहे हां, ऐकू येतं वरून."

"त्याची शिफ्ट असते ना," अक्षता म्हणाली आणि घरी येऊन खूप रडली.

नानांनी लिफ्टमध्ये वेगळंच विचारलं. "मिस्टर बरे आहेत ना? पावलं हलकी वाटतात त्यांची."

"बारीक झालाय, नाना."

"असेल. आमचं आयुष्य गेलं अंधेरीच्या स्टुडिओत, साउंडला. कानाला खोड लागलीय."

आणि गुरुवारी पलीकडच्या बांगड्या वाजल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत. शनिवारी संध्याकाळी अक्षता दोन ताटं मांडून बसली, पण कधी हसायचं तेच तिला उमगेना. काकूंना काही झालं असेल का? तिने खिचडीचा डबा भरला आणि शेजारची बेल दाबली.

नानांनी दार उघडलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"बाथरूममध्ये घसरलो."

"अहो, मग मला हाक मारायची ना! काकूंचं कोण बघतंय? आहेत कुठे त्या?"

नाना बाजूला झाले. खोलीत एकच खाट होती. मांडणीवर एकच ताट. भिंतीवर एका हसऱ्या बाईचा फोटो, त्याला चंदनाचा हार. फोटोखाली पत्र्याची ट्रंक उघडी होती. तिच्यात दोऱ्यात ओवलेल्या बांगड्या, पैंजण, चमचे, तऱ्हेतऱ्हेच्या चपला.

"ती जाऊन चार वर्षं झाली," नाना म्हणाले. "एकट्या म्हाताऱ्याला कोण घर देतंय? म्हणून इथे येताना तिला सोबत घेऊन आलो."

अक्षताने डबा खाली ठेवला.

नानांनी डाव्या हाताने बांगड्या उचलल्या. एका हाताने त्या नीट वाजेनात. "सिनेमातले आवाज मागाहून भरतात, ते आमचं काम. पूर्वी पडद्यावर दोघं जवळ आली की दिवा मालवायचे. पुढचं सगळं माझ्याकडे. अंधारात बांगड्या खुळखुळवल्या की अख्ख्या थिएटरला कळायचं काय चाललंय. किती जणांनी संसार या बांगड्यांवरून शिकला असेल, देव जाणे."

"काकू अशाच होत्या? शांत?"

"छे! बडबडी. आणि बांगड्या तर घालायचीच नाही, टोचतात म्हणायची." नाना फोटोकडे बघत राहिले. "पण ती नुसती बसलेली असायची तेव्हा कसा आवाज व्हायचा, ते मी कधी ऐकलंच नाही गं. घरी असायचो कुठे मी? म्हणून मग सिनेमातलीच बायको वाजवतो."

खिचडी निवत चालली होती.

अक्षताने डोळे पुसले. "उद्या जयंतीबेन येणार आहेत. पण मी कुणाला काही सांगणार नाही, नाना. तुमची शपथ."

"ठाऊक आहे मला."

नाना ट्रंकेवर वाकले. आतून त्यांनी जाड तळव्यांचे पुरुषी बूट काढले आणि तिच्या पायांशी ठेवले.

"उद्या हे घालून चाल. आधी टाच टेकव, मग पंजा. मार्चपासून प्रीतमरावांची पावलं फार बायकी पडतायत, पोरी."